जुन्नरात चिठ्ठी चालली नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हरभऱ्याची भाजी खुडली. मळ्यात सकाळचं दहिवर होतं. हौसा पुढच्या ओळीला, मी मागच्या. शेंडे खुडून खुडून बोटांना आंब चढली होती. मान वर न करता ती म्हणाली, "सकिनाचं तेवढं जुन्नरला जाऊन मौलानाला इचारून या. किती दिस झालं सांगतीया."

मी म्हणालो, "कांदा निघू दे. मग जातो."

ती म्हणाली, "तुमचा कांदा काय निघायचा न्हाई."

एवढंच बोलणं झालं. भाजी घेऊन घरी आलो, खाल्ली, झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या छातीत कळ आली आणि मंचरच्या दवाखान्यात नेईस्तोवर संपली. चाळीस वर्षांच्या वर संसार केला. शेवटी मी तिला काय म्हणालो, तर कांदा निघू दे.

चौदावा उरकला, पावणे गेले. कांदा रानातच राहू दिला आणि जुन्नरला गेलो. दोन दिवसांत माघारी आलो. आमच्या अवसरीतले निम्मे लोक जुन्नरला गणपतीला जातात आणि जुन्नर बघितलं म्हणून सांगतात. मी जे बघितलं ते त्यातल्या कुणी बघितलेलं नाही, म्हणून लिहितोय. शिक्षण चौथी. चुकलं तर सुधारून वाचा.

आधी सकिनाचं सांगतो. ती आमच्या आळीच्या टोकाला राहते. शिवणकाम करते. मूलबाळ नाही. नवरा रशीद चांगला माणूस, मागल्या पावसाळ्यात कावीळ होऊन गेला. त्याचा भाऊ सलीम मंचरला असतो, पुढाऱ्यांच्या मागं फिरतो. सकिनाचं सुतक सरल्यावर तो आला, पुढच्या दोन खोल्यांना कुलूप लावलं आणि तिला म्हणाला, "माहेरी जा. आमच्यात बाईला घर नसतं. जुन्नरच्या मौलानांनीच सांगितलंय." चारचौघांत वर असंही म्हणाला की मौलाना सांगतील ते मला कबूल. हौसाचं म्हणणं एकच होतं, "मौलाना म्हणला का ह्यो म्हणतोय, ते कुणीतरी जाऊन इचारा की!"

जुन्नरचे हे मौलाना लई मोठे. पुण्या-नाशकापर्यंतचे लोक त्यांना विचारायला येतात, असं ऐकून होतो.

निघायच्या आधी मी शहाणपणा केला. आमच्याकडं चिठ्ठीशिवाय काम होत नाही. तलाठ्याकडं जा, डेपोत जा, दवाखान्यात खाट पाहिजे असू दे, आधी साहेबांची चिठ्ठी. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी, नाव लिहीत नाही. मंचरला त्यांच्या कचेरीत गेलो. निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळं चहा मिळाला आणि चिठ्ठीही लगेच मिळाली. निळं पाकीट, छापील नाव, शिक्का. एक शाल आणि नारळही घेतला. वाटलं, आता मौलाना उठून उभा राहील.

नारायणगाव ओलांडल्यावर

मंचर-नारायणगाव ही वाट मी हजारदा बैलगाडीनं, ट्रकनं, यष्टीनं केलीय, तिचं काय सांगायचं. नारायणगावच्या स्टँडवर खानावळीत मासवडी खाल्ली. रस्सा झणझणीत होता, पण वडीतलं सारण कोरडं. हौसा वडी वळायला फडकं ओलं करून पिळायची, हाताला चिकटू द्यायची नाही. खानावळवाल्याला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, खायचं काम करा." बरोबरच होतं त्याचं.

पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव. आमच्याकडं कांदा-बटाटा, म्हणजे सगळं भुईच्या पोटात. ह्यांचं पीक डोक्यावर लोंबतं. माणसं वर बघत काम करतात. मग शिवनेरी दिसायला लागला आणि गाडीतल्या सगळ्यांनी, बायांनीसुद्धा, हात जोडले. मीही जोडले.

जुन्नरात उतरून मौलानांचं घर विचारलं. जुन्या काळी जिथं हातकागद करायचे त्या मोहल्ल्यात राहतात म्हणाले. मला वाटलं होतं मोठं फाटक असंल, दारात गाड्या असतील. तर एक कौलारू घर, पुढं पडवी, पडवीत जाजम, आणि जाजमावर एक वाळलेला म्हातारा पोथी शिवत बसलेला. पुढ्यात खळीचं भांडं, दाभण, दोरा. मी म्हणालो, "मौलानासाहेब हायती का?"

"बसा. हेवढा टाका घालतो."

म्हणजे हेच ते. पुस्तकं बांधायचा धंदा. लोकांना धर्म सांगायचा त्याचं काही घ्यायचं नाही आणि पोट दाभणावर भरायचं, अशी रीत. ते बांधत होते ती पोथीही जैनांच्या देवळातली होती.

मी शाल काढली, नारळ ठेवला, वर चिठ्ठी ठेवली आणि म्हणालो, "काझीसाहेब, आमचं एक काम व्हतं."

त्यांनी टाका पुरा केला, दोरा तोडला. म्हणाले, "पाटील, मी काझी नाही. काझीला सरकार नेमतं. माझ्या आज्याला ते पद आणि इनाम जमीन देऊ केली होती. त्यानं घेतली नाही. घरातली माणसं त्याला मरेपर्यंत बोल लावत होती."

"का घेतली न्हाई?"

"जमीन देणाऱ्याच्या विरुद्ध निकाल द्यायची वेळ आली तर जीभ अडखळंल, म्हणाला." मग चिठ्ठीकडं बघितलं. हात लावला नाही. "हे काय?"

मी छाती काढून साहेबांचं नाव सांगितलं.

"मग आज नाही. उद्या दुपारी या. मोकळ्या हातानं."

मला राग आला. म्हणालो, "आवो, अवसरीवरनं आलोय. म्हातारा माणूस. एक शबूद सांगायला काय जातंय?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "माझ्या उस्तादांची शिस्त आहे. चिठ्ठी बघितली की मन हलतं. कधी भीतीनं हलतं, कधी रागानं. भ्यालेला माणूस वाकडं सांगतो, तसा रागावलेलाही वाकडंच सांगतो. आत्ता मला तुमच्या साहेबांचा राग आलाय. तो उतरू द्या. नुकसान नको तुमचं."

सत्तर वर्षांत मला कुठल्याच कचेरीत कुणी असं सांगितलं नव्हतं की बाबा, मला राग आलाय, तू उद्या ये. तिथं राग येतो तो आपल्यावरच काढतात.

शाल आणि नारळ त्यांनी माझ्या पिशवीत परत घातला. चिठ्ठी तेवढी फळीवर ठेवली. म्हणाले, "ही हरवायला नको, दुसऱ्याची वस्तू." राहायचं काय, म्हणून त्यांनीच बाजारातल्या पोपटशेठकडं पाठवलं. ती पोथी ज्यांच्या देवळातली ते हे शेठजी. "तिथं तुमची सोय होईल. आमच्याकडं जेवा म्हणालो तर तुम्हाला हो म्हणायला अवघड, नाही म्हणायला त्याहून अवघड."

मी म्हणालो, "मी सकिनाच्या हातचं ईदंला खातो." ते हसले. "मग उद्या आमच्याकडं."

पोपटशेठची माणसं पिढ्यांमागं राजस्थानातून आली. आता मराठी आपल्यापेक्षा चांगलं बोलतात. त्यांच्यात सूर्य मावळायच्या आत जेवण. ऊन अजून भिंतीवर आणि ताट पुढं आलं. फुलके, मुगाची डाळ, पापडाची भाजी. चव चांगली होती, पण कुठंतरी अडल्यासारखं लागत होतं. मग ध्यानात आलं, कांदा नाही.

"शेठ, जलमभर कांदा पिकवला आन आज कांद्याबिगर जेवलो."

"तात्या, एक दिवस त्यालाही सुट्टी," शेठ म्हणाले.

मौलानांबद्दल विचारलं तर शेठ खुलले. "त्यांना एका कमिटीवर घेणार होते. गाडी मिळणार होती, दिव्याची. हे म्हणाले, माझं घर बोळात आहे, गाडी वळायची नाही. आम्ही म्हटलं, मौलाना, बोळ रुंद करून देतील की. तर म्हणाले, तेच तर भय आहे."

लेण्याद्री

दुपारपर्यंत करायचं काय, म्हणून सकाळी लेण्याद्रीला गेलो. पायऱ्या तीनशेच्या वर. पूर्वी हौसाला घेऊन चढलो होतो तेव्हा मी पुढं पळालो होतो आणि ती मागनं शिव्या देत होती. आता पन्नासाव्या पायरीला बसलो. तिथं एका माकडानं माझ्या नाकावरचा चष्मा काढून नेला. खरंच काढून नेला, दांडी धरून, माणसासारखा. मी "अगं बघ, बघ" म्हणत शेजारी वळलो. शेजारी कुणी नव्हतं. एका फुटाणेवाल्या बाईनं फुटाणे टाकून चष्मा सोडवला. एक काच तडकली ती तडकलीच.

वर लेणी लई भारी. डोंगर पोखरून खांब काढलेत, गणपतीचं देऊळही त्यातच. शिकलेली काही माणसं भिंतीवरची जुनी अक्षरं बघत होती. काय लिवलंय म्हणून विचारलं तर म्हणाले, ज्यांनी ज्यांनी लेण्याला दान दिलं त्यांची नावं. म्हणजे तेव्हाही नाव कोरल्याशिवाय दान होत नव्हतं. आमच्या शाळेच्या पंख्यांवर आहेत तशीच. मला हसू आलं आणि फळीवर ठेवलेलं ते निळं पाकीट आठवलं.

मोहल्ल्यात, दुसऱ्यांदा

दुपारी मोकळ्या हातानं गेलो. मौलानांनी आमटी, भाकरी आणि खर्डा पुढं केला. खर्डा आमच्यासारखाच, पण त्यात पुदिना. जेवून हात धुतोय तोच बोळाच्या तोंडाला जीप वाजली आणि साहेबांचा माणूस आत आला. मंचरच्या कचेरीत मला चहा देणाराच. मला ओळखलं नाही. पांढरे कपडे, हातात डायरी.

"मौलाना, सलाम. साहेबांचा निरोप आहे. परवा सभेला स्टेजवर बसायचं. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं."

"बसलो म्हणजे बोललोच की," मौलाना म्हणाले.

"मशिदीची पडकी भिंत साहेब बांधून देतायत."

"भिंत आम्ही बांधतोय. दर शुक्रवारी दोन हात होते."

"लई वर्षं लागतील तशी."

"लागू द्या. घाई कुठं आहे भिंतीला?"

त्या माणसाचा आवाज जरा बदलला. "हे बघा, पुढंमागं कामं पडतात, मौलाना."

"पडली तर रांगेत उभा राहीन. मला रांगेची सवय आहे. साहेबांना भेटायचं असेल तर येऊ देत, जाजमावर जागा आहे. मी त्यांच्या दारात येणार नाही. ह्यात त्यांचा अपमान नाही. उद्या दुसरा साहेब आला तरी हेच सांगणार. त्यांच्या विरोधकांनाही मी नाहीच म्हणालोय, तेवढं त्यांना सांगा, बरं वाटेल."

माणूस डायरी मिटून गेला. म्हटलं, आता ह्यांना साहेबांचा पुन्हा राग आला असणार, माझं काम उद्यावर गेलं. मी तसं म्हणालोही.

"नाही नाही," मौलाना म्हणाले आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसले. "ह्याचा राग येत नाही. बिचारा निरोप्या." मग फळीवरून एक सोडून दोन निळी पाकिटं काढली. "तुमची कुठली, ओळखा. एक गेल्या आठवड्यात तुमच्याच गावच्या सलीमनं आणली होती. त्यालाही उद्या ये म्हणालो, तो आलाच नाही."

दोन्ही सारखी. तोच शिक्का, तीच सही. एका काचेनं बघून बघून शेवटी उघडली. दोन्हीत एकच मजकूर: पत्रवाहक आपले अत्यंत जवळचे असून त्यांचे काम प्राधान्याने करावे. सकिनाच्या बाजूनं मी जवळचा, सकिनाच्या उलट सलीमही जवळचा! मला हसू फुटलं ते आवरंना. हौसा गेल्यापासून असा हसलो नव्हतो. डोळ्यांतनं पाणी आलं, त्यातलं हसण्याचं किती ते माहीत नाही. मौलानांनी पाणी दिलं.

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, मूल आहे का आणि नवऱ्याच्या मागं कोण कोण. म्हणाले, "बाईला घर नसतं असं मी कधी म्हणालो नाही, कुणी म्हणूही शकत नाही. मूल नसलेल्या विधवेचा चौथा हिस्सा. उरलेलं भावाचं."

"चार आणे? फकस्त?"

"चार आणे."

"आवो, तिनं त्या घराला शेणानं सारवून सारवून उभं ठेवलंय! ह्यो सलीम दिवाळी-ईदंला यायचा. त्याला बारा आणे?"

"तुम्ही चांगले म्हणून मला पाच आणे करता येत नाही, पाटील. तसेच त्याच्यामागं जीप आहे म्हणून तीन करता येत नाहीत." मग म्हणाले, "एक विचारतो. रशीदनं धडधाकट असताना हे घर बायकोला दिलं, असं कुणापुढं म्हटलं होतं का? तसं असेल तर सलीमला बोलावून चौकशी करीन. गोष्ट वेगळी होते."

तसं त्यानं म्हटलं होतं. रशीदनं कौलं बदलली त्या दिवशी हौसा आत होती आणि तो म्हणाला होता, हे घर आता सकिनाला दिलं. हौसानं घरी येताना मला सांगितलं होतं. मी तेव्हा त्यांच्या ओट्यावर बसलेलो, दारापासून चार हातांवर.

"म्हटलं व्हतं. माझ्या मालकिणीपुढं."

"त्यांना आणता येईल?"

"ती गेली."

त्यांनी हळू विचारलं, "तुम्ही होता तिथं?"

"व्हतो."

"तुमच्या कानांनी ऐकलंत?"

हौसा जन्मात खोटं बोलली नाही. ती म्हणाली म्हणजे रशीद म्हणालाच होता. मी नुसतं हो म्हणालो असतो तर ते खोटं कुठं होतं? तिचेच शब्द माझ्या तोंडानं. तिचं राहिलेलं काम एका "हो"मध्ये होत होतं. कोर्टकचेऱ्यांत ह्यापेक्षा मोठं खोटं मी सहज बोललोय, लपवत नाही. पण हा माणूस. आत्ताच मशिदीची भिंत नको म्हणालेला, खळीनं बोटं चिकटलेली, माझ्या हो-नाहीची वाट बघत होता. त्याच्यापुढं जीभ वळंना.

"न्हाई," मी म्हणालो. "मी तंबाखू मळत व्हतो. माझं ध्यान नव्हतं. तिच्या बोलण्याकडं माझं कधीच ध्यान नसायचं."

त्यांनी मान हलवली. शाबासकी दिली नाही, समजूतही घातली नाही. कागद घेतला आणि मराठीत लिहिलं, ठसठशीत अक्षर. चौथा हिस्सा सकिनाचा. तो मिळेपर्यंत घराला कुलूप घालणं हे पाप. आणि खाली वेगळी ओळ: राहण्याजोगा आणि बाईला पसंत पडेल असा भाग द्यावा, हा हुकूम नाही, माझी विनंती आहे. तसाच दुसरा कागद लिहिला, अक्षर न अक्षर तोच. म्हणाले, "एक तिला, एक त्याला. दोन्हीत एकच आहे, तेवढं दोघांना दाखवा."

साहेबांनीही दोघांना एकच लिहून दिलं होतं म्हणा. पण त्या लिहिण्यानं दोघंही खूश होते आणि ह्या लिहिण्यानं दोघंही नाराज होणार होते. फरक मला तिथंच कळला.

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांदे धरले. बोळाच्या तोंडापर्यंत पोचवायला आले. म्हणाले, "पाकिटं घेऊन जा. त्याचीही द्या त्याला."

माघारी

चारच्या गाडीनं निघालो, दिवस होता तोवर गावात पोचलो. सलीम सकिनाच्या ओट्यावरच बसलेला, चारपाच माणसं भोवती. मी त्याचा कागद त्याला दिला. त्यानं दोनदा वाचला.

"तुमची चिठ्ठी व्हती, म्हणून लिवून दिलं व्हय?"

"चिठ्ठी ही घे. ही तुझीबी घे. कंची कुणाची तूच सांग."

माणसं हसली. सलीम हसला नाही. चारचौघांत कबूल म्हणून बसला होता, आणि मौलानांच्या अक्षराला नाही म्हणणं मंचरच्या त्याच्याच लोकांत चाललं नसतं. कुलूप काढलं. मग म्हणाला, "चार आणे घिऊ दे. पण दार माझ्या खोलीला हाय. माझ्या दारातनं तिनं ये-जा करायची न्हाई."

सकिना आतल्या दारात उभी होती. मी तिला म्हणालो, "पोरी, रशीदचं ते बोलणं मी ऐकलं असतं तर सगळं घर तुझं झालं असतं. मौलानानं इचारलं तवा मला हो म्हणता आलं न्हाई, मी ऐकलंच नव्हतं."

ती म्हणाली, "तात्या, तुमी हो म्हणला असता तर ह्यो जलमभर म्हणला असता, म्हातारा खोटं बोलला. आता काय म्हणंल?" मग कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे पसंतीचं मी सांगायचं का?"

"तूच सांगायचं."

"बोळाकडची खोली. तिथं मशीनवर उजेड येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरून पहार आणि घमेलं घेऊन गेलो. बोळाकडच्या भिंतीवर सकिनानं खडूनं दाराची चौकट आखून ठेवली होती. पहिला घाव घातला, पांढरी माती खाली आली. सलीम अंगणात दात घासत उभा होता. बघत होता. तिसऱ्या घावाला तोंडातली राख थुंकून जवळ आला.

"तात्या, हितं नगा घालू. वर तुळई टेकलीया, सगळं अंगावर यील. दोन हात अलीकडं घ्या."

मी दोन हात अलीकडं सरकलो आणि पहार घातली.